मिश्र भागांचे एंजिन : एका यंत्राची वंशावळ

मोटारीचे एंजिन हा इतिहासाचा विषय होऊ शकतो काय, अशी शंका हे शीर्षक ऐकून काहींच्या मनात आली असेल. इतिहास म्हणजे राजे, लढाया, तह आणि सनावळ्या, ही आपली शाळेपासूनची समजूत. परंतु ज्या वस्तू माणसांनी हजारोंच्या संख्येने घडवल्या, वापरल्या, मोडल्या आणि पुन्हा उभ्या केल्या, त्यांतही देशाचा इतिहास साठलेला असतो. दप्तरखान्यातील कागदांपेक्षा तो कधी कधी अधिक विश्वासार्ह असतो, कारण लोखंडाला खोटे बोलता येत नाही. निदान त्याच्यावर कोणी खोटा आकडा ठोकीपर्यंत तरी येत नाही.

आज आम्ही ज्या प्रश्नाचा विचार करणार आहोत तो असा. एखाद्या जुन्या वेगवान मोटारीचे, म्हणजे जिला आपण स्पोर्ट्स कार म्हणतो तिचे, एंजिन खोलले. त्यातील निम्मे भाग निकामी निघाले. त्यांच्या जागी निरनिराळ्या कारखान्यांत तयार झालेले भाग बसवून ते पुन्हा सुरू केले. आता हे एंजिन मूळचे म्हणावयाचे की नाही? प्रश्न चार हौशी लोकांचा वाटतो. पण तो आता कायद्याच्या दारात येऊन उभा आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने जुन्या मोटारींच्या नोंदणीचे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेली आणि मूळ स्वरूपात राखलेली खासगी मोटार ही ‘व्हिंटेज’ मोटार समजावी. तिच्या चासीत, सांगाड्यात किंवा एंजिनात मोठा बदल झालेला नसावा, असा त्यांचा आशय आहे. ‘मूळ स्वरूप’ हे दोन शब्द लिहिणे सोपे. त्यांचा अर्थ लावणे मात्र कठीण. त्यासाठी थोडे मागे जावे लागते.

शहापूरच्या श्रोत्यांपुढे हा विषय मांडताना आम्हांला संकोच वाटत नाही. येथून जवळच जवाहरनगरला आयुध निर्माणी आहे. आपल्याच जिल्ह्यात गडेगाव येथे १९८२ पासून अशोक लेलँडचा कारखाना गिअरबॉक्स तयार करीत आला आहे. भंडाऱ्याच्या पितळी भांड्यांची कीर्ती तर या दोहोंहून कितीतरी जुनी. ओतकाम म्हणजे काय आणि मापातला फरक म्हणजे काय, हे येथे कोणाला नव्याने सांगावयास नको.

कासाराचेच उदाहरण घ्या. कासार डब्याला झाकण बसवतो ते त्या डब्यापुरते. हाताने ठोकून, घासून, फिरवून तो ते असे बसवतो की आतले तूप बाहेर येणार नाही. पण तेच झाकण शेजारच्या डब्यावर ठेवा. ते बसेलच असा भरवसा नाही. त्या झाकणाचे नाते त्या एका डब्याशी आहे. आम्ही त्याला ‘जोडीचा भाग’ म्हणू. याउलट बाजारातून आणलेला नट त्याच मापाच्या कोणत्याही बोल्टावर चढतो. त्याचे नाते एका बोल्टाशी नाही, कागदावरच्या मापाशी आहे. त्याला ‘मापाचा भाग’ म्हणू. पुढचे सारे विवेचन या दोन शब्दांवर उभे आहे.

अठराव्या शतकापर्यंत जगातील बहुतेक यंत्रे जोडीच्या भागांची होती. बंदुकीचा चाप बिघडला तर कारागिराने त्या बंदुकीसाठी नवा घडवावा लागे. फ्रान्समध्ये ऑनोरे ब्लाँ नावाच्या बंदूककाराने हे बदलण्याचा खटाटोप केला. १७८५ साली अमेरिकेचे तेव्हाचे पॅरिसमधील वकील टॉमस जेफर्सन यांनी त्याचे काम पाहिले. चापांचे सुटे भाग ढिगाने ठेवले होते; त्यांतून हाताला येतील ते उचलून जेफर्सन यांनी स्वतः काही चाप जोडले आणि ते जुळले. पुढे अमेरिकेत इली व्हिटनी याने १७९८ साली दहा हजार बंदुकांचा ठेका घेतला आणि १८०१ साली अशाच जोडणीचे प्रात्यक्षिक केले. ते प्रात्यक्षिक जितके चोख दिसले तितके ते नव्हते, असे पुढच्या संशोधकांचे मत आहे. तथापि कल्पना रुजली, आणि सरकारी शस्त्रशाळांतून ती हळूहळू साधली गेली. अदलाबदल करता येणारे भाग ही आजच्या कारखानदारीची जननी. तिचा जन्म आयुधशाळेत झाला.

मोटारीच्या धंद्यात या कल्पनेची कसोटी लागली ती १९०८ साली, इंग्लंडमधील ब्रुकलँड्सच्या धावपट्टीवर. कॅडिलॅक कंपनीच्या तीन मोटारी तेथे पार खोलल्या. त्यांचे भाग एकत्र मिसळले, काही भाग काढून घेऊन त्यांच्या जागी गोदामातले भाग टाकले, आणि त्या ढिगातून साध्या पान्यांनी व पेचकसांनी तीन मोटारी पुन्हा उभ्या केल्या. त्या पाचशे मैल धावल्या. या पराक्रमाबद्दल कंपनीला ड्यूअर ट्रॉफी मिळाली. मिश्र भागांच्या एंजिनाला एवढा जाहीर मान तोवर क्वचितच मिळाला असेल. त्या तिन्ही गाड्यांतील मूळची कोणती, हा प्रश्न कोणी विचारला नाही. विचारला असता तर उत्तर एकच होते : तिन्ही, कारण तिन्ही एकाच मापाच्या होत्या.

आता आपण आपल्या ओळखीच्या एंजिनाकडे येऊ. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी ज्याने पाहिली नाही असा माणूस या सभेत विरळा. त्या फियाटचे, म्हणजे पुढच्या प्रीमियर पद्मिनीचे, एंजिन कुळाने मोठे होते. त्याचा जन्म १९३७ साली इटलीत, तुरीन शहरी झाला. फियाटने त्या वर्षी ५०८ सी नावाची गाडी काढली. तिच्या घडणीत दान्ते जाकोसा या अभियंत्याचा मोठा वाटा होता. चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ६८ मिलिमीटर, आणि पिस्टनची म्हणजे दट्ट्याची धाव ७५ मिलिमीटर. गणित करून पाहा : चारही सिलिंडरांची मिळून जागा १,०८९ घनसेंटिमीटर भरते. लोक त्याला अकराशेचे एंजिन म्हणू लागले ते यावरून. शक्ती सुमारे ३२ अश्वशक्ती. घरगुती गाडीला ती पुरेशी होती.

पण हे साधे एंजिन शर्यतीच्या मैदानातही उतरले. दुसरे महायुद्ध संपताच तुरीनच्या पिएरो दुसिओ या उद्योजकाने चिसितालिया नावाखाली शर्यतीच्या लहान गाड्या काढावयाचे ठरवले. युद्धाने पोळलेल्या देशात नवे एंजिन घडवण्यास पैसा कोठला? जाकोसा यांनी फियाटचे तेच अकराशेचे एंजिन घेतले, त्याचा दाब वाढवला, तेलाची व्यवस्था बदलली, आणि सुमारे साठ अश्वशक्ती काढली. १९४६ साली तुरीनच्या शर्यतीत ही डी-४६ गाडी प्रथम धावली. स्वतः दुसिओ जिंकले. त्याच शर्यतीत ताझियो नुव्होलारी या प्रख्यात चालकाच्या गाडीचे स्टिअरिंगचे चाक निखळून हातात आले, तरी त्याने गाडी हाकणे सोडले नाही. पुढच्या वर्षी मिल्ले मिलिया या लांब पल्ल्याच्या शर्यतीत नुव्होलारीने अकराशेच्याच चिसितालियातून दुसरा क्रमांक पटकावला. पहिल्या आलेल्या अल्फा रोमिओचे एंजिन कितीतरी मोठे होते. चिसितालियाची २०२ ही गाडी इतकी देखणी निघाली की १९५१ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने तिला आपल्या प्रदर्शनात मांडले. टॅक्सीच्या एंजिनाचा हा सख्खा भाऊ.

या कुटुंबाच्या शाखा अनेक देशांत पसरल्या. फ्रान्समध्ये सिम्का कंपनीने फियाटच्याच नमुन्यावर सिम्का ८ काढली, आणि तिच्या एंजिनावर गोर्दिनी याने शर्यतीच्या गाड्या बांधल्या. जर्मनीत हाइलब्रॉनला फियाटचा कारखाना होता. तेथे अकराशेची गाडी ‘नेकार’ नावाने निघाली. खुद्द तुरीनमध्ये १९५३ साली अकराशेचा नवा अवतार, ११००/१०३, आला. त्याच्या पाठोपाठ वेगवान टी.व्ही. आणि तीवरून १९५५ साली दोन माणसांची उघडी ‘ट्रास्फोर्माबिले’ ही स्पोर्ट्स कार निघाली. १९५७ साली याच एंजिनाचा व्यास ७२ मिलिमीटर करून १,२२१ घनसेंटिमीटरचे बाराशे एंजिन झाले; धाव ७५ तीच राहिली.

आणि एक शाखा आली आपल्याकडे, मुंबईत कुर्ल्याला. सोलापुरात १८८२ साली जन्मलेले वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. जहाज, विमान आणि मोटार हे तिन्ही धंदे हिंदी माणसाच्या हाती यावेत, हे त्यांचे स्वप्न होते. १९४७ साली कुर्ल्यात क्रायस्लर कंपनीच्या गाड्यांची जोडणी सुरू झाली, १९५१ पासून फियाट ५०० ची, आणि १९५४ साली अकराशे आली. या दोन तारखांच्या मध्ये एक महत्त्वाची घटना घडली. १९५३ साली टॅरिफ कमिशनच्या शिफारशींवरून सरकारने ठरवले की, पेट्यांतून आलेले भाग नुसते जोडून विकणाऱ्यांना यापुढे या देशात जागा नाही. ज्यांना येथे भाग घडवावयाचे असतील त्यांनीच थांबावे. फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनी गाशा गुंडाळला. वालचंद त्याच वर्षी वारले. त्यांचा कारखाना मात्र टिकला.

या धोरणाचा एंजिनावर काय परिणाम झाला? पहिल्या गाडीतले जवळजवळ सर्व काही तुरीनचे होते. पुढे एकेक भाग येथे घडू लागला. आज हा भाग कुर्ल्याचा, उद्या तो. काही भाग मद्रासकडचे, काही पतियाळाचे. इंडिया पिस्टन्स १९४९ पासून मद्रासेत होतीच. पिस्टनच्या रिंगा करणारी गोएट्झ १९५४ साली पतियाळात निघाली. १९६१ साली कोईमतुरात बायमेटल बेअरिंग्ज आली. अर्थात या काळात कुर्ल्यातून बाहेर पडलेले एंजिन हे जन्मतःच मिश्र होते. त्यात इटलीचे लोखंड होते आणि आपलेही. कोणते वर्ष, कोणत्या भागाला कोणता देश, हे शोधत गेले तर स्वावलंबनाचा इतिहास त्या एंजिनाच्या पोटात थर लावून ठेवलेला दिसतो.

पुढे एक मौजेची गोष्ट झाली. तुरीनमध्ये अकराशेची गाडी १९६९ साली बंद पडली. कुर्ल्यात मात्र १९६४ ची ‘डिलाइट’, तिच्यावरूनच १९७४ पासूनची ‘पद्मिनी’, अशी ती १,०८९ घनसेंटिमीटरच्याच एंजिनावर सुमारे शतकाअखेरपर्यंत निघत राहिली. आईने दुकान बंद केले आणि लेकीने ते तीस वर्षे चालवले. मुंबईतील पद्मिनी टॅक्सीची अखेरची नोंद २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली. वीस वर्षांची मर्यादा संपताच ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती टॅक्सी अधिकृतपणे रस्त्यावरून गेली.

इतिहास इथवर आला. आता मिस्त्रीच्या पाटावर बसू. समजा, एखाद्या संग्राहकाकडे अकराशेच्या कुळातील जुनी वेगवान गाडी आहे, तिचे एंजिन थकले आहे, आणि तुरीन, हाइलब्रॉन व कुर्ले अशा तिन्ही ठिकाणचे भाग त्याने जमवले आहेत. कोणते कोठे चालतील?

पहिले काम मोजणीचे. सिलिंडर सगळीकडे सारखा झिजत नाही. वरच्या टोकाशी, जेथे रिंगा वळतात, तेथे अधिक झिजतो. आणि गोल न राहता लंबवर्तुळ होतो. म्हणून वर, मध्ये व खाली, आडवे आणि उभे, असे प्रत्येक सिलिंडरचे माप घ्यावयाचे. झीज मर्यादेबाहेर असेल तर बोअर करून पाव-अर्धा मिलिमीटर मोठा पिस्टन घालतात. तेवढेही लोखंड उरले नसेल तर स्लीव्ह बसवून मूळ मापावर परत येतात. येथे एक मोह असतो. बाराशेच्या एंजिनाची धाव तीच, मग ६८ चा ब्लॉक ७२ पर्यंत बोअर करून शक्ती का वाढवू नये? कारण चार मिलिमीटर म्हणजे प्रत्येक बाजूच्या भिंतीतून दोन मिलिमीटर. भिंतीपलीकडे पाणी खेळते. ओतकामात साचा जरा सरकला असेल तर ती भिंत एका बाजूला आधीच पातळ असते, हे पितळ ओतणाऱ्याला सांगावे लागत नाही. कूळ एक म्हणून माप एक होत नाही.

क्रँकशाफ्टची बेअरिंगे घ्या. हे एंजिन मिलिमीटरचे. पण गॅरेजमध्ये मिस्त्री ‘दहा’, ‘वीस’, ‘तीस’ अशी बेअरिंगे मागतो. ही मापे इंचाच्या हजारांश भागांची. दहा हजारांश म्हणजे ०.२५४ मिलिमीटर. आपल्याकडे दशमान पद्धतीचा कायदा १९५६ साली झाला, रस्त्यावर मात्र इंचाच्या मॉरिस-अँबॅसडर आणि मिलिमीटरच्या फियाट शेजारी शेजारी धावत होत्या. आणि एकच मिस्त्री दोन्ही भाषा बोलत होता. ही बेअरिंगे झिजण्यासाठीच असतात. ती बदलल्याने एंजिनाचे मूळपण जाते असे म्हणणे, म्हणजे जोड्याचा तळ बदलला म्हणून जोडा परका झाला असे म्हणणे होय.

पण ब्लॉकच्या खाली क्रँकला धरून ठेवणाऱ्या तीन मेन कॅप असतात. त्या ब्लॉकला बोल्टांनी आवळून, मगच एका ओळीत भोके कातलेली असतात. एका ब्लॉकची कॅप दुसऱ्या ब्लॉकवर बोल्टांत बसेल, दिसायलाही ठीक दिसेल. परंतु भोक गोल राहणार नाही, आणि क्रँक आवळताच अडकेल किंवा महिन्याभरात बेअरिंग खाईल. कनेक्टिंग रॉड आणि त्याची कॅप यांचेही तसेच. कारखान्याने त्यांच्यावर आकडे ठोकलेले असतात ते यासाठी. टॅपेट आणि कॅमशाफ्ट यांची जोडी तर संसारातून घडते : ज्या टॅपेटने ज्या कॅमवर वर्षानुवर्षे घासून चेहरा घडवला, तो नव्या कॅमवर घातला तर नवा कॅमही खराब करतो. हे सारे कासाराचे झाकण आहे. हे भाग न्यावयाचे तर जोडीनेच न्यावे.

तिसरी गोष्ट वजनाची. चार पिस्टन दोन कारखान्यांचे असले तर व्यास सारखा असूनही वजनात फरक पडतो. टॅक्सीत तो खपून जातो. शर्यतीच्या एंजिनात खपत नाही, कारण पिस्टनला मागे-पुढे खेचणारी ओढ फेऱ्यांच्या वर्गाने वाढते. मिनिटाला दोन हजार फेऱ्यांऐवजी सहा हजार झाल्या तर ती नऊपट होते. ७५ मिलिमीटर धावेच्या एंजिनात दहा ग्रॅमचा फरक सहा हजार फेऱ्यांना सुमारे पंधरा किलो वजनाएवढा ओढतो, आणि तोही प्रत्येक फेरीला दिशा बदलून. म्हणून जुना मिस्त्री चारही पिस्टन आणि रॉड तराजूत घालतो, सर्वांत हलका कोणता ते पाहतो, आणि बाकीच्यांचे धातू योग्य जागी घासून त्याच्या बरोबरीला आणतो. कारखाना निराळा असला तरी वजन एक झाले की चौघांचे जमते.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळू. आमच्या मते त्याचे उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’ असे एका शब्दात देणे चूक आहे. झिजणारा भाग बदलणे ही देखभाल. मापाचा भाग त्याच आराखड्याच्या दुसऱ्या कारखान्यातून आणणे ही अदलाबदल. जो भाग कुर्ल्याच्या एंजिनात जन्मतः चालत होता तो पन्नास वर्षांनी परका ठरवण्याचे कारण दिसत नाही. जोडी फोडणे हा यंत्रशास्त्राचा गुन्हा. त्याची शिक्षा एंजिन स्वतःच देते. आणि माप बदलणे, म्हणजे ६८ चे ७२ करणे किंवा दुसऱ्याच कुळाचे एंजिन बसवणे, हा बदल. तो वाईटच असतो असे नाही. प्रीमियर कंपनीने स्वतः १९८५ साली ११८ एनई गाडीत फियाटचा सांगाडा आणि निस्सानचे १,१७१ घनसेंटिमीटरचे एंजिन यांचा संसार मांडला. परंतु तो बदल आहे, आणि बदलाला बदल म्हणावे.

खरा दोष मिश्रणात नाही, लपवण्यात आहे. जुन्या गाड्यांच्या किमती वाढल्या की ब्लॉकवरचा आकडा घासून नवा ठोकण्याचा मोह वाढतो. खोट्या सनदेने वतन मिळवणाऱ्यांची परंपरा आपल्या इतिहासाला अपरिचित नाही. ब्लॉकवर खोटा क्रमांक ठोकणे ही लोखंडावरची खोटी सनद आहे. तिच्यामुळे केवळ खरेदीदार फसत नाही. कुर्ल्यात कोणता भाग केव्हा होऊ लागला, हे पुढच्या अभ्यासकाला सांगणारा पुरावाच नाहीसा होतो.

तेव्हा असे एंजिन उभे करणाऱ्याने गाडीबरोबर एक वही ठेवावी. कोणता भाग कोठून आला, कोणत्या मापाचा होता, बोअर किती झाला, क्रँक ‘दहा’वर गेला की ‘वीस’वर, आणि हे काम कोणत्या साली झाले, एवढे लिहून ठेवावे. आणि दुसरे, अधिक तातडीचे. आपल्या महामार्गाच्या कडेच्या गॅरेजांतून, भंडाऱ्यापासून नागपूरपर्यंत, फियाट, अँबॅसडर, जीप यांची एंजिने बांधणारे जे मिस्त्री आता म्हातारे झाले आहेत, त्यांच्या हातातली मापे कोणत्याही पुस्तकात नाहीत. नव्या गाड्यांचे एंजिन बोअर करण्याचे प्रसंग कमी होत चालले आहेत. विजेच्या गाडीत तर पिस्टनच नाही. या मिस्त्रींपाशी बसून कोणत्या कारखान्याचा कोणता भाग कशावर बसत असे, कोणता फसवीत असे, हे कोणी विद्यार्थ्याने टिपून घेतले तर ते काम एखाद्या बखरीच्या संपादनाहून कमी मोलाचे ठरणार नाही. बखर निदान कागदावर असते आणि सापडण्याची आशा असते. हे ज्ञान माणसाबरोबर जाते.